'खेळ बंद' लिहिण्याआधी



या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान आपण एका फिजिओथेरपिस्टला दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. सुरतजवळच्या या कडोदऱ्याच्या मंडळींनी व्यवस्था चोख ठेवली आहे. दुपारच्या पंगतीत शेवभाजी आणि उंधियू शेजारी शेजारी होते, त्यातच आपल्या वस्तीची ओळख आली.

पत्रिकेवर माझा विषय 'वाढत्या वयातील खेळाडूंच्या दुखापती : एक आढावा' असा छापला आहे. घोटा, खांदा, कंबर आणि टाच यांवर सकाळी चांगले निबंध वाचले गेले. त्यांत मला भर घालायची नाही. आढावा घेताना मी गुडघ्याशी थांबणार आहे आणि शेवटपर्यंत तिथून हलणार नाही, हे आधीच सांगून टाकते. गेली कित्येक वर्षं एक चिठ्ठी माझ्या मनात सलते आहे. चिठ्ठीवर दोनच शब्द असतात : 'खेळ बंद'.

ही चिठ्ठी कुणाच्या हातात पडते? मुंबई-अहमदाबाद आणि सुरत-धुळे हे दोन महामार्ग या कडोदऱ्यात एकमेकांना भेटतात. धुळे, नंदुरबार, जळगावकडून जी कुटुंबं यंत्रमागांवर आणि डाइंगमध्ये कामाला आली, त्यांची मुलं इथल्या मोकळ्या प्लॉटवर, कधी अनवाणी, खो-खो आणि कबड्डी खेळतात. मुलगी दहा-अकरा वर्षांची असते, मुलगा बारा-तेरा-चौदाचा. वाटीच्या दोन बोटं खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं. उकिडवं बसवत नाही, जिने चढवत नाहीत, गुडघे टेकवत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी तिथे हाडासारखं टणक टेंगूळ दिसू लागतं. आई घाबरते : "मॅडम, पोरना गुडघा दुखस, आनि आठे गाठ उनी." बारा तासांची पाळी सोडून, त्या दिवसाची मजुरी बुडवून बाप डॉक्टरकडे जातो आणि परत येताना ती चिठ्ठी घेऊन येतो.

या दुखण्याचं वर्णन बोस्टनच्या रॉबर्ट ऑसगुड यांनी आणि झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी एकाच वर्षी, १९०३ मध्ये, स्वतंत्रपणे केलं. म्हणून ते ऑसगुड-श्लाटर. मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून खाली येतो आणि नडगीच्या ज्या उंचवट्याला चिकटतो, तो उंचवटा या वयात पक्कं हाड झालेला नसतो, बराचसा कूर्चाच असतो. उंची झपाट्याने वाढते, हाड पुढे जातं, स्नायूची लांबी मागे रेंगाळते आणि प्रत्येक उडीला, प्रत्येक उठण्याला तिथे ओढ बसते. ओल्या जमिनीत रोवलेल्या खुंट्याला बैल हिसके देतो, तसंच हे. जमीन सुकली की खुंटा हलत नाही. वाढ पूर्ण झाली की बहुतेक मुलांचं दुखणंही थांबतं. टेंगूळ मात्र अनेकांच्या पायावर आयुष्यभर राहतं, त्रास न देता. दहापैकी एखाद्याला मोठेपणीही गुडघे टेकताना दुखतं.

आता खो-खो डोळ्यांसमोर आणा. आठ जण चौकोनांत उकिडवे बसलेले. पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकला, की पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावरून एका झटक्यात उठून धावायचं. त्या कूर्चेवर याहून थेट ताण देणारा खेळ मला ठाऊक नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्यानंतर मैदानावर मुली वाढल्या. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावरही वाढल्या.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. मुलाला 'खेळ बंद' सांगितलं, तर तो आठ दिवस गप्प बसतो आणि नवव्या दिवशी गल्लीत क्रिकेट खेळताना सापडतो. चिठ्ठी त्याला लागूच होत नाही. मुलीला मात्र ती जन्माची लागू होते. अकरा-बारा वर्षांचं वय, घरात धाकटी भावंडं, आई साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणते, मुलीने मैदानावर जाणं आधीच कुणाकुणाला खुपत असतं. डॉक्टरांनी लिहून दिलं म्हटल्यावर घराला आयतं कारण मिळतं. काही वर्षांपूर्वी एक तरुण आई मुलाचा लचकलेला घोटा घेऊन माझ्याकडे आली. बोलताना कळलं, शाळेत असताना ती खो-खोच्या संघात होती, जिल्ह्यापर्यंत गेली होती. मी विचारलं, सोडलं का? ती म्हणाली, "गुडघ्यासाठी खेळ बंद करायला सांगितला होता. गुडघा वर्षभरात बरा झाला, पण 'आता खेळ' असं सांगायला कुणी आलंच नाही." आपल्या सगळ्या शास्त्राने मान खाली घालावी असं ते वाक्य आहे.

माझे अस्थिरोगतज्ज्ञ मित्र म्हणतील, बाई भावनेवर बोलतात. ठीक आहे, व्यवहाराचं बोलू. पूर्ण विश्रांती की खेळ, यावर सकाळी तासभर वाद झाला. मी तो माझ्या टेबलापाशी कधीच मिटवला आहे. सहा महिने घरी बसवलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचं दुखणं कमी असतं आणि मांड्या वाळलेल्या असतात. निवड चाचणी जाहीर झाली की तीच मुलं थेट मैदानात उतरतात आणि आठवड्यात लंगडत परततात. ताण कमी करून खेळत ठेवलेली मुलं सावकाश सुधारतात, पण टिकतात. डेन्मार्कमध्ये दहा ते चौदा वर्षांच्या ५१ मुलांना आधी चार आठवडे ताण कमी करायला लावला, मग मांडीचे व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवले. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. १२ आठवड्यांनी ८० टक्के मुलांनी चांगला फरक सांगितला. मात्र तोपर्यंत खेळात पूर्ण परतलेली १६ टक्केच होती. वर्षाअखेर ती ६९ टक्क्यांवर गेली. म्हणजे धीर वर्षाचा हवा आणि त्या वर्षभर हातात काम हवं.

काम साधं आहे. खेळताना दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसलं, तर खेळू द्या. लंगडलं तर त्या दिवशी थांबवा. खो-खोच्या मुलीला काही आठवडे चौकोनात बसवू नका. पळतीचा, चकवण्याचा सराव तिला जमेल तेवढा द्या. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती दाबून धरायची, इथून सुरुवात; नंतर भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं, त्यानंतर पायरी. खेळून झाल्यावर कपड्यात गुंडाळून बर्फ. वाटीखालचा पट्टा काहींना बरा वाटतो, त्यांनी तो खुशाल वापरावा. स्टिरॉइडचं इंजेक्शन नको, त्याने स्नायूची दोरी कमजोर होऊ शकते. आणि त्या टेंगळावर तेल ओतून अंगठ्याने रगडणाऱ्या मालिशवाल्याला माझा नमस्कार सांगा. रगडलेला गुडघा दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच येतो.

प्रशिक्षक मंडळी एव्हाना खुशीत दिसताहेत. तुम्हालाही मी सोडणार नाही. उशीर झाला म्हणून मैदानाला बेडूकउड्या मारत फेरी, चूक झाली म्हणून शंभर उठाबशा, आणि त्याही काँक्रीटवर! वर हाच मुलगा सकाळी शाळेकडून, संध्याकाळी मंडळाकडून आणि रविवारी गल्लीच्या संघाकडून खेळतो. खेल महाकुंभ, शालेय स्पर्धा, मंडळाचे चषक, प्रत्येकाला तोच एक चपळ पोरगा हवा असतो. त्याने आठवड्यात किती खेळावं याची बेरीज कुणीच करत नाही. आठवड्याचे खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत आणि एखादा दिवस पूर्ण सुट्टीचा असावा, एवढा हिशेब पाचवीच्या मुलालाही करता येतो.

सावधगिरीचं न बोलता खाली बसले तर डॉक्टर मित्र मला उभी चिरतील आणि ते योग्यच होईल. दुखण्याने रात्री झोपमोड होते, ताप येतो, सांधाच सुजतो, वजन घटतं, अशा मुलाला त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे पाठवा. उडी मारताना 'कट्' झालं आणि पाय सरळ उचलताच येत नाही, तर त्याच तासाला. गुडघा दुखतो म्हणणारं मूल लंगडत असेल आणि गुडघ्यात काहीच सापडत नसेल, तर खुबा तपासा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. अशा मुलांचा एक्स-रे हवाच. बाकीच्यांना बहुधा बोटाने दाबून पाहणं पुरतं. एक्स-रेच्या खर्चात या भागातल्या मुलाचे खेळायचे बूट येतात.

माझं शेवटचं मागणं फूटपट्टीचं आहे. उंची वर्षातून एकदा आरोग्यपत्रकात लिहिली जाते आणि पत्रक कपाटात जातं. ती दर तीन महिन्यांनी मोजा. मे महिन्यात गावी गेलेलं पोरगं जूनमध्ये परत येतं तेव्हा पँट आखूड झालेली असते. त्याच आठवड्यात आपण त्याला निवड चाचणीसाठी पळवतो. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढलेल्या मुलाचा उड्यांचा सराव तेवढ्यापुरता कमी करा. यासाठी यंत्र लागत नाही, भिंत लागते.

या कामासाठी एखादी छोटी समिती करावी, मराठी, गुजराती, हिंदी आणि ओडिया भाषांत एक पानी पत्रक काढावं, उंचीची नोंदवही कशी असावी ते ठरवावं, असं मनात आहे. त्याचा तपशील कार्यकारिणी पाहील. त्या बैठकीत मी पुन्हा हेच बोलणार आहे, याची कल्पना देऊन ठेवते.

समारोपात डॉक्टर मित्रांना एकच विनंती. 'खेळ बंद' लिहायचं असेल तर त्याखालच्या ओळीत 'पुन्हा तपासणी' म्हणून तारीख घाला, आणि त्या दिवशी मुलगी आली नाही तर तिच्या शाळेत फोन करा. तेवढं जमणार नसेल, तर ते दोन शब्द लिहू नका.