बोल्ट किती आवळायचा?

अंधेरी-बोरिवली असो, घाटकोपर-मुलुंड असो की आपलं गाव, घरची माणसं मोटारसायकलवरच फिरतात. मागे आपण बसतो, पुढे पोर बसतं. हे सगळं ज्याच्यावर टिकून आहे, त्या बोल्टविषयी आज बोलू.

केसांचं रबर आठवा. बेताचं ताणलं तर केस घट्ट धरतं. फार ताणलं तर ढिलं पडतं, मग धरत नाही. बोल्टचंही तसंच. आवळताना तो जेमतेम केसाच्या जाडीएवढा लांबतो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. ८ मिलिमीटरचा चांगला बोल्ट नीट आवळला, तर दीड टनाच्या आसपास दाब देतो! कमी आवळला तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सुटतो. जास्त आवळला तर तुटतो, नाहीतर इंजिनच्या ॲल्युमिनियममधले आटे जातात.

पाना फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर, एवढा त्या बोल्टला पुरतो. या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणून आट्यांना तेल लागलं असेल, तर तेवढ्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो.

आता धातू. मुंबईत खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे बोल्ट गंजतात. मग काहीजण चकचकीत स्टेनलेसचे बसवतात. पण डोक्यावर ८.८ लिहिलेला पोलादी बोल्ट चौरस मिलिमीटरला सुमारे ६५ किलो ओढ सोसतो. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ४५ किलोच्या आसपासच कायमचा लांबू लागतो. म्हणून ब्रेकच्या आणि चाकाच्या बोल्टांत चकाकी बघू नका.

गॅरेजमध्ये चाक किंवा ब्रेक उघडला, तर विचारा, "दादा, बोल्ट पहिल्यासारखाच घातला ना? टॉर्क पान्याने आवळला ना?" योग्य आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पान्याला पाइप जोडून आवळू देऊ नका. आवळून झाल्यावर नट आणि शेजारच्या भागावर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला असं समजा आणि गाडी लगेच दाखवा.

विचारायला संकोच नको, मैत्रिणींनो. गाडीवर आपलीच माणसं असतात.