तक्रार असेल तर टाळ वाजवा
(शताब्दी सोहळ्यात कोठी व स्वयंपाकाच्या सेवेकऱ्यांच्या वतीने केलेले भाषण)



आज कोणी पावसातला दिवे घाट सांगितला, कोणी चांदोबाच्या लिंबाचं रिंगण. आम्ही कोठीवाले मात्र आमची एक चूक सांगायला उभे आहोत.

काही वर्षांपूर्वी कोठीची किल्ली एका मावशींकडे होती. तांदूळ, डाळ, तेल मोजून द्यायच्या, वहीत मांडायच्या. एका सेवेकऱ्याला त्यांनी जादा गूळ-शेंगदाणे दिले नाहीत. त्यानं जेजुरीत एवढंच म्हटलं, "तेलाचा एक डबा कमी आहे. मावशींचा मुलगा काल भेटायला आला होता, नाही का?" चोरी हा शब्द त्यानं काढलाच नाही. बाकीचं आम्हीच जोडलं. वाल्ह्याला पोचेपर्यंत एका डब्याचे तीन झाले. सकाळी मावशींच्या पाया पडायचो आणि रात्री ट्रकमागं त्यांच्याबद्दलच कुजबुजायचो.

लोणंदला मावशींनी किल्ली वीणेकऱ्यांपुढं ठेवली आणि एसटीनं घरी गेल्या. त्या रात्री वही तपासली. दात्यानं दिलेला एक डबा दोनदा लिहिला गेला होता, एकदा पावतीवरून आणि एकदा ट्रकात चढवताना. दुसरी नोंद आमच्यातल्याच एकाच्या हातची. डबा कमी नव्हताच.

वारीनंतर आम्ही पाच जण माफी मागायला गेलो. मावशींनी चहा दिला. म्हणाल्या, "एकानं तरी मला विचारायचं होतं." पुन्हा त्या वारीला आल्या नाहीत.

संतांनी निंदा सोसली, असं आम्ही म्हणतो. खरं आहे, पण ती स्वतःची. दुसऱ्याची निंदा आपण ऐकत बसायची आणि सोसायचं तिनं, ही कुठली साधुता?

उपाय तर रोज डोळ्यांपुढं असतो. समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, तक्रार सर्वांसमक्ष ऐकली जाते. एवढ्या मोठ्या सोहळ्यात जे चालतं, ते कोठीत का चालू नये?

आता वही रोज रात्री मोठ्यानं वाचतो. कोणी कानाशी लागलं तर विचारतो, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" आणि म्हणतो, "चला, त्यांच्यासमोर बोलू." निम्म्या गोष्टी तिथंच संपतात. त्या सेवेकऱ्यानं सर्वांसमोर चूक कबूल केली. त्याला काढलं नाही; काढायचं तर ऐकणारे आम्ही सगळेच निघालो असतो.

आपली पोरं-पोरी बँकेत, कारखान्यात नोकरी करतात. तिथंही कोणी पाठीमागं बोलतं, छळतं. एकदा तोंडावर सांगा. थांबलं नाही तर तारीखवार लिहून ठेवा, वरिष्ठांना लेखी द्या. बाईमाणसाला लैंगिक त्रास असेल तर २०१३ च्या कायद्यानं, १० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे. ३ महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करा. हेही टाळ वाजवणंच आहे.

शताब्दीचं आमंत्रण घेऊन आम्ही मावशींकडे पुन्हा गेलो होतो. येईन म्हणाल्या नाहीत, नाही येणार असंही म्हणाल्या नाहीत. किल्ली त्यांच्यासाठी ठेवली आहे.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!