मध्येच थांबणाऱ्या फंक्शनचे नामकरण



संगणकशास्त्रावरील पुस्तकांचा अनुवाद करणाऱ्याला प्रमेयांपेक्षा नावे अधिक छळतात. प्रमेय समजून घेता येते. नाव मात्र आपल्या भाषेत पुन्हा जन्माला घालावे लागते. आज मी अशाच एका नावाविषयी, खरे तर एका विशिष्ट प्रकारच्या फंक्शनला नाव देण्याच्या पद्धतीविषयी बोलणार आहे. त्या फंक्शनला इंग्रजीत ‘को-रूटीन’ म्हणतात.

प्रथम ‘सब-रूटीन’ म्हणजे काय ते पाहू. कचेरीतला साहेब शिपायाला म्हणतो, ‘अमुक फाईल आण.’ शिपाई जातो, फाईल आणतो आणि त्याचे काम संपते. पुन्हा बोलावले की तो नव्याने निघतो. मागच्या खेपेचे त्याला काही स्मरण नसते. संगणकाच्या कार्यक्रमातील बहुतेक फंक्शने अशीच असतात. को-रूटीनची जात वेगळी. कीर्तनात बुवा निरूपण करता करता थांबतात, टाळकरी भजन उचलून धरतात आणि भजन संपले की बुवा जिथे थांबले होते नेमक्या त्याच ठिकाणाहून पुढे निघतात. निरूपण पुन्हा आरंभापासून सुरू होत नाही. मध्येच थांबणे, दुसऱ्याला वाव देणे आणि परतल्यावर आपले स्थान व आपली सामग्री जशीच्या तशी सापडणे, हे को-रूटीनचे लक्षण होय.

ही संज्ञा 1958 मध्ये मेल्विन कॉन्वे यांनी घडवली, असे डोनाल्ड कनूथ यांनी नमूद केले आहे. कॉन्वे यांचा यावरील प्रसिद्ध लेख 1963 चा. कोबोल भाषेच्या अनुवादक-कार्यक्रमाची रचना हा त्याचा विषय. (आमच्याच व्यवसायातील यंत्र, असे मी गमतीने म्हणतो.) त्यात एक भाग अक्षरांपासून शब्द बनवतो, दुसरा शब्दांपासून वाक्यरचना ओळखतो. यांपैकी धनी कोण आणि चाकर कोण? कॉन्वे यांचे उत्तर असे की, कोणीच नाही. प्रत्येक भागाने आपणच मुख्य आहोत अशा थाटात लिहिले जावे आणि शेजाऱ्याकडे केवळ माल देणारा किंवा घेणारा म्हणून पाहावे. ‘को’ या उपसर्गात हीच समानता आहे.

मराठीत मी ‘सहकार्यक्रम’ असा शब्द योजून पाहिला. तो ऐकताच एका स्नेह्याने विचारले, ‘दोन मंडळांचा एकत्र गणेशोत्सव का?’ तेव्हा तो शब्द सोडला आणि ‘को-रूटीन’ हाच ठेवला. पण थांबण्याच्या क्रियेचा प्रश्न उरलाच. इंग्रजीत तिला ‘यील्ड’ म्हणतात आणि त्या शब्दाला दोन अर्थ आहेत: शेताने पीक देणे आणि रस्त्यावर दुसऱ्याला वाट देणे. पायथन भाषेत 2001 मध्ये हा शब्द आला तो पहिल्या अर्थाने. तेथे फंक्शन थांबताना एक मूल्य हाती ठेवते. अन्य ठिकाणी ते काहीच देत नाही, नुसते बाजूला होते. अनुवादकाने दोन्हींसाठी एकच क्रियापद वापरले तर वाचक फसेल. मी पहिल्यास ‘देऊन थांबणे’ आणि दुसऱ्यास ‘वाट देणे’ म्हणतो.

आता मुख्य विषय. थांबणाऱ्या फंक्शनच्या नावात, ते थांबते हे सांगावे काय?

यासाठी क्यूएमू या कार्यक्रमाचे उदाहरण घेऊ. फ्रेंच प्रोग्रॅमर फाब्रिस बेलार यांनी 2003 मध्ये त्याचा आरंभ केला. हा कार्यक्रम एका संगणकाच्या पोटात दुसरा, केवळ कल्पित संगणक उभा करतो. त्या आतल्या संगणकाला वाटते की आपल्याला खरी डिस्क आहे. प्रत्यक्षात ती बाहेरच्या संगणकावरील एक फाईल असते. डिस्कवरून वाचन होईपर्यंतचा काळ प्रोसेसरच्या हिशेबाने फार दीर्घ असतो. तेवढा वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवणे परवडत नाही. म्हणून पूर्वी प्रत्येक कामाचे तुकडे करीत आणि ‘हे झाले की ते बोलाव’ अशा चिठ्ठ्या लावीत. अशा चिठ्ठ्यांच्या माळेतून मूळ कामाचा धागा शोधणे महाकठीण. 2011 मध्ये डिस्कच्या विभागात को-रूटीन आले आणि तेच काम सरळ, वरून खाली वाचता येईल असे लिहिता येऊ लागले.

पण या सरळपणातच धोका लपला आहे. समजा, डिस्कच्या फाईलमध्ये चौसष्ट किलोबाइटचे कप्पे आहेत आणि कोणता कप्पा रिकामा याची नोंदवही आहे. एक को-रूटीन नोंदवही पाहते, रिकामा कप्पा हेरते आणि ती नोंद पक्की करण्याआधी कुठलेसे वाचन करावे लागल्याने वाट देते. त्या अवधीत दुसरे को-रूटीन येते, तीच नोंदवही पाहते आणि तोच कप्पा घेते. पहिले परतते ते आपल्या जुन्या माहितीवर विसंबून. दोघांचा मजकूर एकाच कप्प्यात! एकाचा नष्ट होतो आणि तो कोणाचा तरी हिशेब, कोणाचा तरी प्रबंध असू शकतो. कागदावर त्या दोन ओळी एकाखाली एक, अगदी निरुपद्रवी दिसतात. त्यांच्या मधल्या फटीत जग बदलले, हे वाचणाऱ्याला कळावे कसे?

कुलूप लावावे म्हणाल, तर तेही जपून. साधे कुलूप हाती ठेवून को-रूटीनने वाट दिली आणि त्याच धाग्यावरचे दुसरे को-रूटीन त्या कुलपापाशी आले, तर अख्खा धागाच झोपी जातो. मग पहिल्याला जागे करून कुलूप उघडायला लावणार कोण? म्हणून क्यूएमूमध्ये को-रूटीनसाठी वेगळे कुलूप आहे. त्यापाशी खोळंबलेला स्वतः वाट देतो, धागा अडवीत नाही.

काही भाषांत कंपायलरच पहारा करतो. सी-शार्पमध्ये 2012 पासून आणि पायथनमध्ये 2015 पासून, थांबू शकणाऱ्या फंक्शनवर खूण असते व ‘अवेट’ हा शब्द थांबण्याची जागा उघड दाखवतो. क्यूएमू मात्र सी भाषेत आहे. तेथे कितीही खोलवरचे फंक्शन वाट देऊ शकते आणि सामान्य कंपायलर अवाक्षर काढीत नाही. उरते ते नाव. म्हणून त्या मंडळींनी दोन गोष्टी केल्या. अशा फंक्शनच्या घोषणेत ‘कोरूटीन_एफएन’ अशी खूण लिहिली. साध्या कंपायलरला ती शून्यवत, वाचणाऱ्या माणसाला मात्र फलक. आणि नावाच्या मध्यभागी ‘को’ हे अक्षर बसवले: ‘बीडीआरव्ही_को_पीरीड’. पहिला तुकडा विभागाचा, शेवटचा वाचनक्रियेचा आणि मधले ‘को’ इशाऱ्याचे.

हा इशारा न जुमानता कोणी ते साध्या फंक्शनमधून थेट बोलावले आणि त्याने वाट देण्याचा प्रयत्न केला, तर परतायला जागाच नसते. ‘को-रूटीन कोणालाच वाट देत नाही आहे’ अशा आशयाचा संदेश उमटून कार्यक्रम कोसळतो. पण हे नेहमी घडत नाही, हीच खरी मेख. हवी ती माहिती आधीच हाताशी असेल तर थांबण्याची गरज पडत नाही आणि चूक निमूटपणे निसटते. महिनोन्‌महिने ती झोपून राहते आणि डिस्क मंदावेल त्या दिवशी जागी होते. चाचणीने पकडता येत नाही ते नावाने पकडायचे, असा हा मामला आहे.

या नावांवर आक्षेप आहेत. ती कुरूप आहेत, हा पहिला. सी-प्लसप्लस भाषेच्या 2020 च्या मानकातील ‘को_यील्ड’, ‘को_अवेट’ या शब्दांची अशीच थट्टा झाली. परंतु ‘यील्ड’ हे साधे नाव, रोख्यांवरील परतावा वगैरे कारणांसाठी, जुन्या कार्यक्रमांत आधीच वापरात होते. मला या तक्रारीचे फारसे वजन वाटत नाही. मराठीत आपण ‘पुस्तक वाचून काढले’ म्हणतो आणि ‘पुस्तक वाचत गेलो’ असेही म्हणतो. पहिल्यात काम एका दमात संपल्याची ग्वाही आहे, दुसऱ्यात मधल्या विसाव्यांना जागा आहे. ‘काढणे’ आणि ‘जाणे’ ही जोडक्रियापदे काढून टाकली तर वाक्ये आटोपशीर होतील, पण ऐकणाऱ्याला क्रियेचा घाट कळणार नाही. दोन्ही भेद अगदी तंतोतंत एक नाहीत, हे मान्य. पण कुरूपतेचा आरोप त्या जोडक्रियापदांवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बॉब निस्ट्रॉम यांनी 2015 मध्ये फंक्शनांना ‘रंग’ असल्याची कल्पना मांडून तो मांडला. थांबणारे एका रंगाचे, न थांबणारे दुसऱ्या. आणि एकाला दुसऱ्यातून मुक्तपणे बोलावता येत नाही. एका फंक्शनचा रंग बदलला की त्याला बोलावणाऱ्याचा बदलतो, मग त्याच्या बोलावणाऱ्याचा, अशी ही लागण पसरते. 2009 मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेने रंगच ठेवले नाहीत. तेथे थांबण्याची मुभा सर्वांनाच आहे. मग ‘मधल्या फटीत जग बदलले असेल’ हा संशय मात्र प्रत्येक ओळीवर घ्यावा लागतो. संशय सर्वत्र वाटला गेला म्हणून तो कमी झाला, असे मला म्हणवत नाही.

क्यूएमूने मधला मार्ग काढला. ‘को’ असलेल्या फंक्शनवरून ‘को’ नसलेले जुळे फंक्शन 2020 पासून एक छोटा कार्यक्रमच आपोआप लिहून देतो. हे जुळे भावंड स्वतः एक को-रूटीन सुरू करते आणि ते पुरे होईपर्यंत थांबून राहते. इथवर ठीक. पण त्याचीही एक संमिश्र जात आहे: बोलावणारा को-रूटीनमध्ये असेल तर ती थेट आतले काम करते, म्हणजेच वाट देऊ शकते, आणि नसेल तर वरीलप्रमाणे वागते. सोयीची आहे यात संशय नाही. जुना कार्यक्रम टप्प्याटप्प्याने बदलताना तिच्यावाचून निभावलेही नसते. परंतु तिच्या नावात ‘को’ नाही. वाचणारा निर्धास्तपणे पुढच्या ओळीवर जातो आणि कप्प्यांची नोंदवही त्याच्या पाठीमागे बदललेली असते. असे फंक्शन लिहिणाऱ्याचे श्रम वाचवते ते वाचणाऱ्याच्या खात्यातून.

अनुवादात या तिन्ही नावांचे काय करावे, असे मला विचारले जाते. मी नावे बदलत नाही. देवनागरीत उतरवतो आणि प्रथम उल्लेखाच्या वेळी प्रत्येकीपुढे मराठीत एकच गोष्ट लिहितो: ‘वाट देते’, ‘वाट देत नाही’, आणि तिसऱ्या जातीपुढे, ‘बोलावणारा कोण यावर अवलंबून’. तिसरी टीप सर्वांत लांब होते, आणि मुद्रकाची तक्रारही नेहमी तिच्याचबद्दल असते.