काळीज कुठं असतं?

(नगर जिल्ह्यातील महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'काळीज कुठं असतं?' असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेकजणी डाव्या छातीवर हात ठेवतील. पण मटणाच्या दुकानात जाऊन आपण 'कलेजी' मागतो तेव्हा खाटीक हृदय देत नाही, तो यकृत देतो. म्हणजे भाषेनं आपल्याला खरी जागा दाखवून ठेवली आहे, आपण मात्र ती विसरलो. बाईला आपल्या शरीराची माहिती नसणं हे काही योगायोगानं घडत नाही. शरीराबद्दल बोलायचंच नाही, बोललं तर गर्भाशयापुरतं बोलायचं, अशी रीत पडली आहे. म्हणून आज मी यकृत आणि पित्ताशय हा विषय घेतला.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथं गावोगावच्या बाया आरोग्यसेविका झाल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं, पण शरीर कसं चालतं हे त्या शिकल्या आणि त्यांनी गावाला शिकवलं. तेव्हा 'आम्हाला काय कळतंय' हे वाक्य आज बाजूला ठेवू.

आता उजवा हात उजव्या बाजूच्या खालच्या फासळ्यांवर ठेवा. त्या फासळ्यांच्या आत, श्वासपटलाच्या खाली यकृत आहे. वजन सव्वा ते दीड किलो. रंग तांबूस तपकिरी. त्याला रक्त दोन वाटांनी येतं. एक वाट हृदयाकडून येणाऱ्या शुद्ध रक्ताची. दुसरी आतड्यांकडून येणारी, आणि सुमारे पाऊण भाग रक्त याच वाटेनं येतं. म्हणजे आपण खाल्लेलं अन्न, घेतलेलं औषध, प्यायलेली दारू, सगळं रक्तात मिसळून आधी यकृताच्या दारात येतं. यकृत त्याची निवड करतं. साखर साठवून ठेवतं आणि उपाशी वेळी काढून देतं. लोह आणि जीवनसत्त्वं साठवतं. जखमेतलं रक्त गोठवणारी द्रव्यं तयार करतं. विषारी द्रव्यांचं रूप बदलून ती बाहेर टाकण्याजोगी करतं. थोडक्यात, घरातली बाई करते ते सगळं: साठवण, वाटप, स्वच्छता. आणि तिच्यासारखंच ते बराच काळ तक्रार करत नाही. निम्म्याहून अधिक बिघडेपर्यंत पुष्कळदा काही जाणवतही नाही.

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. इथंही शब्दाचा घोटाळा आहे. छातीत जळजळलं, डोकं दुखलं, अंगावर गांधी उठल्या, की आपण 'पित्त झालं' म्हणतो. जळजळ होते ती जठरातल्या आम्लानं. पित्त हा हिरवट पिवळा, कडू रस. तेलकट तवा नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागतो. पित्त आतड्यात तेलातुपावर तेच काम करतं. हा रस यकृताखालच्या, पेरूच्या आकाराच्या लहानशा पिशवीत साठतो आणि घट्ट होतो. हेच पित्ताशय. ते जेमतेम बोटाएवढं लांब असतं. जेवणातलं तेलतूप आतड्यात उतरलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त नळीतून आतड्यात सोडतं.

या पिशवीत खडे होतात, आणि ते पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात. स्त्रीसंप्रेरकांमुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, गरोदरपणात पित्ताशय मंद चालतं. दर बाळंतपणागणिक शक्यता वाढते. दीर्घकाळ उपाशी राहिलं तर पित्त साचून राहतं. एखाद्या एकादशीनं खडे होतात असं मी म्हणत नाही. पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी, नवरात्र, शिवाय सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर तीन वाजता जेवण, याचा हिशेब कुणी ठेवला आहे का? दिवसभर उपाशी आणि रात्री तळलेले बटाटे, साबुदाणा. त्यानं पित्ताशय जोरात आकुंचन पावतं आणि खडा तोंडाशी अडकतो.

मग दुखतं. बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वर मध्यभागी, कळ पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जाते. घरातले म्हणतात, 'गॅस झालाय, सोडा घे.' बाईचं दुखणं एक तर गॅस असतं, नाही तर नाटक. अशी कळ पुन्हा पुन्हा येत असेल तर सोनोग्राफी करून घ्या. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट बाजूही सांगते. न दुखणारे खडे सोनोग्राफीत सहज दिसले, तर बहुधा शस्त्रक्रियेची गरज नसते. कुणी घाई केली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. शस्त्रक्रिया लागलीच तर भिऊ नका. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० सालीच केली होती. पिशवी काढली तरी यकृत पित्त करतच राहतं, आणि बाई नीट जगते.

कावीळ हा रोग नाही, खूण आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडून निघालेलं पिवळं द्रव्य यकृताला बाहेर टाकता आलं नाही की डोळे पिवळे दिसतात. दूषित पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुधा आपोआप बरी होते. म्हणूनच माळ घालणाऱ्याचं, नाकात थेंब टाकणाऱ्याचं नाव होतं. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हीच कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. टँकरचं पाणी पिणाऱ्या आपल्या गावांनी हे ध्यानात ठेवावं. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर माळ नको, रुग्णालय. ती गुंगीत बोलू लागली तर एक तासही नको. 'बी' प्रकाराला लस आहे. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांत तिचा पहिला डोस मिळाला की नाही, हे प्रत्येकीनं विचारावं.

आता दारू. रोजच्या दारूनं यकृतात आधी चरबी साठते, मग सूज येते, मग ते आकसून घट्ट होतं. दारू सोडली तर पहिल्या पायरीवरून माघारी येता येतं, शेवटच्या पायरीवरून क्वचितच. विषारी दारूची गोष्ट आणखी भयंकर. २०१७ च्या फेब्रुवारीत, जिल्हा परिषद निवडणुकीच्या तोंडावर पांगरमलला विषारी दारूनं अनेकांचा बळी घेतला. अशा दारूतलं मिथेनॉल यकृतात पोचतं, यकृत सवयीप्रमाणे त्याचं रूपांतर करतं, पण या वेळी तयार होतं ते अधिक जहाल विष. त्यानं डोळे जातात, जीव जातो. परवाना असलेलं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागण्याचा अधिकार राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानं दिला. आडव्या बाटलीवर शिक्का मारणारा आपला हात आपल्याला माहीत आहेच.

शेवटचा मुद्दा जड आहे. यकृताचा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढतं. म्हणून जिवंत माणूस यकृताचा भाग देऊ शकतो. देतं कोण? १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी सात हजारांहूनही कमी बायकांना अवयव मिळाले. देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. पुरुषांना यकृताचे रोग जास्त होतात हे खरं, पण तेवढ्यानं हा हिशेब जुळत नाही. नवऱ्यानं दारूनं यकृत घालवायचं आणि बायकोनं आपलं द्यायचं, नाही म्हटलं तर 'नवऱ्याच्या जिवावर उठली'. कुणी प्रेमानं देत असेल तर तिचा मान राखू. पण ही मोठी शस्त्रक्रिया आहे. देणाऱ्यालाही धोका असतो, हजारात दोन-चार दाते दगावतात. १९९४ च्या कायद्याप्रमाणे दात्याची संमती लागतेच. २०१४ च्या नियमांत तर स्पष्ट म्हटलं आहे, की दाता स्त्री असेल तर अधिक काळजी घ्यावी, आणि तिच्या स्वतंत्र संमतीची खात्री रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. दिलेली संमती शस्त्रक्रियेपूर्वी मागे घेता येते. हे वाक्य आपल्या गटातल्या प्रत्येकीला पाठ हवं.

तर गटाच्या पुढच्या बैठकीत तीन कामं करू. प्रत्येकीनं आपलं जेवण किती वाजता होतं ते सांगायचं. वस्तीतल्या गरोदर बाया पाणी कुठलं पितात ते पाहून यायचं. आणि कुणावर अवयव देण्यासाठी घरातून दडपण येत असेल, तर समितीपुढे ती बोलायला जाईल तेव्हा तिच्याबरोबर आपल्यातल्या दोघींनी जायचं.