हवामानबदल आणि घरातील पंखा

हवामानबदलापुढे एका कुटुंबाची काटकसर नगण्य वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. ७५ वॉटऐवजी ३० वॉटचा पंखा दररोज १० तास, वर्षातील २४० दिवस वापरल्यास १०८ युनिट वीज वाचते. देशातील बहुतांश वीज कोळशापासून निर्माण होत असल्याने सुमारे ७५ किलो कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळते. अडचण आहे ती किमतीची. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने एकत्रित खरेदीतून एलईडी दिव्यांची किंमत उतरवली, वीजबिलातून हप्ते फेडण्याची सोय दिली आणि कोट्यवधी दिवे घरोघरी पोहोचले. कार्यक्षम पंख्यांसाठीही हीच वाट गरीब कुटुंबांपर्यंत गेली पाहिजे. अन्यथा नागरिकांची इच्छा असूनही बचतीचा लाभ सधनांपुरताच मर्यादित राहील.