बाहुलीच्या तोंडून

लहान मूल रडू लागले की आपण विचारतो, "काय झाले?" उत्तर आले नाही की पुन्हा विचारतो, जरा दरडावून. तीन-चार वर्षांच्या मुलाला सांगायचे तर पुष्कळ असते. पण आत जे दाटून आले आहे त्याला राग म्हणावे, भीती म्हणावे की हेवा, हे त्याला ठाऊक नसते. शब्दांची वाट अजून पुरती मळलेली नसते. खेळाची वाट मात्र त्याच्या पायांखालची असते.

माझ्याच घरातली गोष्ट सांगते. धाकट्याचे बारसे झाले तेव्हा थोरली साडेतीन वर्षांची होती. येणारा प्रत्येक पाहुणा पाळण्याकडे वळे. मुलगी रुसली नाही, भांडली नाही. मात्र एके दुपारी भातुकली मांडून बसली असता तिने आपल्या चिंध्यांच्या बाहुलीला बदडले आणि कोपऱ्यात भिरकावून दिले. मी बाहुली उचलून फळीवर ठेवली आणि बजावले, "शहाण्या मुली असे करीत नाहीत." त्यानंतर आठवडाभर ती घरात मुक्यासारखी वावरली. बाहुलीबरोबर तिची बोलण्याची सोयही मी हिरावून घेतली होती, हे मला उशिरा उमगले.

मी बाहुली परत दिली आणि भातुकलीत पाहुणी होऊन बसले. "तुमच्या बाळाने काय केले हो, बाई?" असे विचारताच उत्तर आले, "ते सारखे रडते. मग आई मला घेतच नाही!" मी म्हटले, "मग तुम्हांला राग येत असेल." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. तिच्या दुखण्याला त्या दिवशी नाव मिळाले.

मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड याने 1920 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथात दीड वर्षाच्या मुलाचा खेळ नोंदविला आहे. दोरी बांधलेले लाकडी रीळ ते मूल दृष्टीआड फेकी आणि पुन्हा ओढून आणून हर्षभरित होई. आईचे जाणे त्याच्या हाती नव्हते. रिळाचे जाणे-येणे होते. जे सोसावे लागते तेच खेळात स्वतःच्या हातांनी घडवून मूल त्यावर थोडी सत्ता मिळविते. दवाखान्यातून आलेले मूल बाहुलीला सुई टोचते, ते याचसाठी.

आपल्याकडे 1920 सालीच गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर उघडले, आणि मुलाला धाक न घालताही शिकविता येते हे दाखविले. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. तेथे शिंपले, बिया, पाने हीच मुलांची साधने झाली. तेव्हा खेळण्यांना पैसा लागतो, ही सबब उरत नाही. एक चिंधी, चार करवंट्या आणि वडील माणसाचा अर्धा तास एवढे पुरते.

त्या अर्ध्या तासात काय करावे? खेळ मुलाने रचावा. आपण त्यातले एक पात्र व्हावे. चूक-बरोबर सांगण्याची घाई करू नये. बाहुली रडत असेल, तर तिला भीती वाटते की ती हिरमुसली आहे, हे विचारावे. रुसणे, फुरंगटणे, खट्टू होणे, ओशाळणे असे कितीतरी बारकावे आपल्या भाषेत आहेत. ते मुलाच्या कानी सहज पडू द्यावेत. मात्र एक मर्यादा असावी. बाहुलीला मारले तर चालेल, भावाला नाही. राग येणे हा अपराध नव्हे. हात उगारणे मात्र आवरलेच पाहिजे. हा भेद मुलाला खेळातच उत्तम कळतो.

ज्या मुलाला आज "मला राग आला आहे" असे म्हणता येते, त्याला उद्या तो राग भिंतीवर किंवा दुसऱ्याच्या पाठीवर काढण्याची गरज कमी भासेल. म्हणून आज सायंकाळी घरात भातुकली मांडलेली दिसली, तर तिला ओलांडून जाऊ नका. तेथे खोट्या चहाचा पेला तुमच्यापुढे येईल. तो घ्या, आणि स्वस्थ बसून ऐका.