तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने शाखा कशी निवडावी?

(तत्त्वज्ञान विषयात एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



विशेष अध्ययनासाठी भारतीय दर्शने घ्यावीत, तर्कशास्त्र घ्यावे, की पाश्चात्त्य विचार, असा प्रश्न आपणांपुढे आहे. आपल्यावरील संस्कारांमुळे 'भारतीय दर्शने' हे उत्तर सहज ओठांवर येते. त्याचा मला आनंदच आहे. परंतु अभिमानाला अध्ययनाचे अधिष्ठान नसेल, तर तो केवळ घोषणेपुरता उरतो. मूळ ग्रंथ न उघडता इंग्रजी भाषांतरांवरून शांकरभाष्य शिकणे, हे आपले आजचे खरे दैन्य आहे.

कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी विचारांतील स्वराज्याची संकल्पना मांडली. परकीय विचार नाकारा, असे त्यांनी सांगितले नाही; तो आपल्या परंपरेच्या कसोटीवर पारखल्यावाचून स्वीकारणे, हे त्यांच्या दृष्टीने दास्य होते. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे काही काळ संचालक असलेले हे आचार्य वेदान्ताइतकेच कांटच्या विचारांतही पारंगत होते.

बिमल कृष्ण मतिलाल यांचे उदाहरणही मननीय आहे. पंडितांकडे न्यायशास्त्र शिकून ते तर्कतीर्थ झाले आणि हार्वर्डला आधुनिक तर्कशास्त्राचे अध्ययन केले. नव्यन्यायातील अभाव-विचारावरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. १९७६ पासून त्यांनी ऑक्सफर्डचे स्पाल्डिंग अध्यासन भूषविले. भारतीय दर्शन म्हणजे केवळ अध्यात्म नव्हे, त्यात काटेकोर तर्क आहे, हे त्यांनी जगापुढे सिद्ध केले. १९८३ साली पुण्यात तर परंपरागत पंडितांनी बर्ट्रांड रसेलच्या विधानविषयक सिद्धान्ताची संस्कृतात चर्चा केली. त्या संवादाच्या आयोजनात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांचा पुढाकार होता.

म्हणून निवडीपूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला खरोखर अस्वस्थ करणारा प्रश्न कोणता? त्या प्रश्नावरचे मूळ ग्रंथ ज्या भाषेत आहेत, ती शिकण्याची माझी तयारी आहे काय? आणि तो ग्रंथ ओळीओळीने शिकवणारा गुरू जवळ आहे काय? अशा गुरूचा विषय आपला दुसरा पसंतीचा असला, तरी तो घेण्यात शहाणपण आहे.

पालकांना उपजीविकेची चिंता वाटते. ती रास्त आहे. नेट परीक्षेची तयारी अवश्य करा. पण त्यासोबत रोज एक तास संस्कृताला द्या. पाश्चात्त्य शाखा निवडणाऱ्यांनीही तो द्यावा. दोन्ही परंपरा मुळातून वाचणाऱ्या अध्यापकांची आपल्या विद्यापीठांना आज नितांत गरज आहे. ती उणीव आपण भरून काढावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.